कॉलेज प्रोजेक्टसाठी लाटांची टाकी बनवताय? मोटर घ्यायच्या आधी हे वाचा (कोल्हापूरवाल्यांसाठी)

दरवर्षी फायनल इयरला सिव्हिल, मेकॅनिकल आणि फिजिक्सची कुणी ना कुणी पोरं लाटांची टाकी (लांब काचेच्या टाकीत पॅडलनं लाटा उठवून त्या मोजायच्या) हा विषय घेतात आणि थेट उद्यमनगरात मोटर शोधायला जातात. मोटर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पॅडल हलवलं की लाट येतेच, त्यात काही विशेष नाही. पण ती लाट टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आपटते, परत येते, नव्या लाटेत मिसळते, आणि मग तुम्ही जे मोजता ते तुम्ही बनवलेल्या लाटेचं माप राहतच नाही. म्हणून हा लेख लिहिताना मी पलीकडच्या टोकावर जास्त वेळ घालवलाय, तुम्ही पण घालवा. आम्ही कॉलेजमध्ये अशी टाकी बनवून चालवलीय, खालची मापं तशाच टाकीची आहेत.

काम सुरू करायच्या आधी एकदा वारं सुटलेल्या संध्याकाळी रंकाळा तलावावर जा. जिथं लाटा दगडी भिंतीवर येतात तिथं उभं राहून भिंतीपासून दोन-तीन मीटरचं पाणी बघा. येणाऱ्या लाटा आणि भिंतीवरून परत फिरलेल्या लाटा एकमेकांत घुसून पाण्यावर चौकडे पडलेले दिसतात, आणि काही ठिकाणी पाणी पुढं न जाता जागच्या जागी वरखाली होत असतं. टाकीत तुम्हाला नेमकं हेच होऊ द्यायचं नाहीये.

## १. कागदपत्रं आणि सामान

कागद आधी, कारण सामान आणून ठेवलं आणि परवानगीच नाही असं झालं की सगळं अडकतं.

- विभागप्रमुखांच्या सहीचं प्रोजेक्ट मंजुरीपत्र
- टाकी कुठं ठेवणार त्याची लेखी परवानगी, त्यात वजन स्पष्ट लिहा (वजन किती ते पुढं येतंय)
- काच, फ्रेम आणि मोटरची कोटेशन्स, शक्यतो तीन-तीन
- जीएसटी बिलं, कारण साध्या चिठ्ठीवर कॉलेज पैसे देत नाही आणि भंगारातल्या वस्तूचं बिल मिळत नाही, हे आधीच ओळखून बजेट करा

सामान: काचेची टाकी, अँगलची फ्रेम, १२ व्होल्टची गिअर मोटर, १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करणारा डबा), पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग कमीजास्त करायला), पॅडलसाठी ६ एमएम अॅक्रिलिक किंवा अॅल्युमिनियमची शीट, दोन लिनिअर रॉड (पॅडल ज्यावर सरकतं ते) आणि त्यांची बेअरिंग, दोन रॉड एंड (जोडदांड्याच्या दोन टोकांना), नारळाचा काथ्या, भोकं पाडलेली शीट, स्टीलची पट्टी, पाणसळ, गुण्या, आणि स्लो मोशन शूट करणारा मोबाइल.

## २. टाकीचं माप

लांबी १२ फूट, रुंदी १ फूट, उंची दीड फूट. बारा फूटच का? कारण काचेची मोठी शीट बारा फुटाची सहज मिळते, त्यापेक्षा लांब केलं की मध्ये सांधा येतो आणि सांधा आला की गळती आली, शिवाय नेमकं त्या जागीच मोजायचं असतं. पाणी भरायचं २५ सेंटिमीटर. पाणीच साधारण २८० लिटर झालं, म्हणजे २८० किलो, वर १० एमएम काच धरली तर तिचे सव्वाशे किलोच्या आसपास, फ्रेम वेगळी. एकूण ४०० किलोच्या पुढं जातं. त्यामुळं तळमजला बघा.

काचेची जाडी स्वतः ठरवू नका, मोठी फिश टँक बनवणाऱ्याला विचारा आणि वरून आडव्या पट्ट्या मारून घ्या. अॅक्रिलिक हलकं असतं पण लांब टाकीत फुगतं. फ्रेम शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडून करून आणायची गरज नाही, उद्यमनगरात वेल्डर भरपूर आहेत. फक्त फ्रेमच्या पायांना खाली बोल्ट लावून घ्या म्हणजे नंतर पाणसळीवर घेता येते, जमीन कुठंच सपाट नसते. काच आणि फ्रेम यांच्यात थर्माकोलची शीट टाका.

## ३. लाटेचं गणित, थोडकंच पण चुकवू नका

तुमच्या हातात एकच गोष्ट असते, पॅडल किती वेळात एक फेरी मारतं. तो लाटेचा कालावधी. तरंगलांबी (लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर) किती येईल ते कालावधी आणि पाण्याची खोली मिळून ठरवतात, तुम्ही नाही.

खोल पाण्यात हिशोब सोपा आहे, तरंगलांबी मीटरमध्ये = १.५६ × कालावधीचा वर्ग. पण २५ सेंटिमीटर पाणी एक सेकंदाच्या लाटेसाठी खोल नाहीये. लाटेची हालचाल साधारण अर्ध्या तरंगलांबीइतकी खाली पोचते, तिथं ती पृष्ठभागाच्या ४ टक्के उरते, म्हणजे आपल्या लाटेला तळ जाणवतो आणि ती आखूड होते. मग असं करायचं: १.५६ × कालावधीचा वर्ग हे पहिलं उत्तर धरा, त्याला टॅनएच (२ × ३.१४ × खोली ÷ तरंगलांबी) ने गुणा (टॅनएच म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं tanh), नवं उत्तर येईल, जुन्या आणि नव्याची सरासरी घ्या, परत तेच. चार-पाच वेळा केलं की उत्तर थांबतं. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, कॅल्क्युलेटरवर करत असाल तर रेडियन मोड तपासा.

२५ सेंटिमीटर पाण्यासाठी उत्तरं अशी येतात:

- ०.६ सेकंद (मिनिटाला १०० फेऱ्या): तरंगलांबी ५६ सेंटिमीटर
- ०.८ सेकंद (७५ फेऱ्या): ९३ सेंटिमीटर
- १ सेकंद (६० फेऱ्या): १३० सेंटिमीटर
- १.३ सेकंद (४६ फेऱ्या): १८३ सेंटिमीटर

बारा फुटात किनारा (पलीकडच्या टोकाचा उतार, पुढं येतोय) आणि पॅडल वजा जाता जेमतेम १.८ मीटर मोकळी जागा उरते. म्हणून ०.८ सेकंदाच्या आसपास काम करा. १.३ ला तर एक पूर्ण लाट पण बसत नाही.

अजून एक गोष्ट, जी बघितल्यावर खरंच भारी वाटतं. मोटर चालू केल्यावर पहिल्या काही लाटांकडं नीट बघा. ०.८ सेकंदाचा एक एक उंचवटा सेकंदाला सुमारे १.१७ मीटरनं पळतो पण लाटांचा घोळका मात्र ०.७२ मीटरनंच पुढं सरकतो, त्यामुळं उंचवटे मागून येतात, घोळक्याच्या पुढच्या टोकाला पोचतात आणि तिथं विरून जातात. ऊर्जा घोळक्याच्या वेगानं जाते. मोजायला कधी सुरू करायचं हे ठरवताना हाच वेग धरायचा.

## ४. पिस्टन की फ्लॅप

पिस्टन म्हणजे उभं पॅडल आख्खंच्या आख्खं पुढंमागं सरकतं, तळापासून वरपर्यंत सारखं. फ्लॅप म्हणजे तळाला बिजागरी, वरचं टोक झुलतं. कुठलं चांगलं असं काही नाही, पाण्यात खाली हालचाल कशी असते त्यावर आहे. उथळ पाण्याच्या लाटेत पाणी वर आणि तळाला जवळपास सारखंच सरकतं, तिथं पिस्टन जुळतो. खोल पाण्याच्या लाटेत हालचाल वरच असते, तिथं फ्लॅप जुळतो.

जुळलं नाही तर काय होतं? पॅडलची हालचाल आणि लाटेची हालचाल यांच्यातला जो फरक उरतो तो पॅडलच्या पुढ्यात पाण्याची नुसती चुळबुळ म्हणून दिसतो, ती पुढं प्रवास करत नाही, काही अंतरात मरते. म्हणून पॅडलपासून पाण्याच्या खोलीच्या तिप्पट अंतरापर्यंत, म्हणजे आपल्या टाकीत ७५ सेंटिमीटरपर्यंत, काहीच मोजायचं नाही. काचेवर तिथं मार्करनं रेघ मारून ठेवा.

हा सगळा सिद्धांत ब्रिटिश गणितज्ञ हॅवलॉकनं १९२९ मध्ये मांडला आणि पुढं अर्सेल, डीन आणि यू या संशोधकांनी १९६० मध्ये टाकीत तपासून बघितला, चपट्या (लांबीच्या मानानं उंची कमी) लाटांसाठी मोजलेली उंची सिद्धांतापेक्षा सरासरी ३.४ टक्के कमी आली होती. तुमची १०-१५ टक्के कमी आली तर घाबरू नका, पॅडलच्या कडेनं पाणी निसटतंच.

लाटेची उंची स्ट्रोकच्या (पॅडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढं सरकतं ते अंतर) किती पट मिळते ते असं (फ्लॅपचा स्ट्रोक पाण्याच्या पातळीवर मोजलेला):

- ०.६ सेकंद: पिस्टन १.९१, फ्लॅप १.३१
- ०.८ सेकंद: पिस्टन १.५१, फ्लॅप ०.९०
- १ सेकंद: पिस्टन १.१६, फ्लॅप ०.६४

म्हणजे ०.८ सेकंदाची ४ सेंटिमीटर उंच लाट पिस्टननं हवी असेल तर स्ट्रोक फक्त २.६ सेंटिमीटर. बहुतेक जण क्रँक (मोटरवरची चकती, तिच्या फिरण्यानं पॅडल पुढंमागं होतं) भलामोठा करतात आणि मग लाट पॅडलपाशीच फुटते. लाटेची उंची तरंगलांबीच्या सातव्या हिश्श्याला पोचली की ती मोडतेच, आणि त्याच्या निम्म्याच्याही बऱ्याच खाली राहिलं तरच वर दिलेलं गणित नीट लागू पडतं.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत पिस्टन. फ्लॅपची बिजागरी पाण्याखाली असते, गंजते, ढिली होते, आणि दुरुस्तीला दरवेळी टाकी उपसावी लागते.

## ५. मोटर आणि क्रँक

हे ऐकून बऱ्याच जणांना पटत नाही, पण वरच्या ४ सेंटिमीटरच्या लाटेत १ फूट रुंदीत जाणारी शक्ती अर्ध्या वॅटपेक्षा कमी आहे. पॅडलच्या मागच्या बाजूला पण तेवढीच लाट उठते, घर्षण वेगळं, तरी अर्ध्या एचपीच्या मोटरचं इथं काहीच काम नाही. १२ व्होल्ट, १०० आरपीएम, १० ते १५ किलो-सेंटिमीटर टॉर्कची गिअर मोटर पुरते. गाडीच्या वायपरची मोटर भंगार बाजारात मिळते, ताकद चांगली असते पण ती ६०-६५ फेऱ्यांच्या वर सहसा जात नाही, म्हणजे एक सेकंदाच्या खाली तुम्ही येऊच शकत नाही. हे तपासल्याशिवाय घेऊ नका.

क्रँकच्या चकतीला टर्नरकडून ५, ८, १०, १३, १६ आणि २० एमएमवर भोकं पाडून घ्या, स्ट्रोक त्याच्या दुप्पट. कनेक्टिंग रॉड (क्रँक आणि पॅडल जोडणारा दांडा) २५-३० सेंटिमीटर ठेवा. रॉड आखूड असला की पॅडलची हालचाल शुद्ध राहत नाही, दुप्पट वारंवारतेचा एक भाग त्यात घुसतो, आणि तो क्रँकची त्रिज्या भागिले रॉडच्या लांबीच्या चौपट एवढा असतो. १३ एमएम क्रँक आणि २५ सेंटिमीटर रॉडला तो सव्वा टक्क्याच्या आसपास येतो, म्हणजे सोडून द्यायचा.

पॅडलच्या कडेला रबर लावायचा मोह होईल, लावू नका. रबर काचेला चिकटतं-सुटतं आणि पॅडल झटके खातं. दोन-तीन एमएम फट सोडा.

पॅडल मात्र गुण्यात बसवा, अगदी काटकोनात. एक फूट रुंद टाकीत ०.६३ सेकंदाला, म्हणजे ९५ फेऱ्यांच्या आसपास, पाणी आडवं झुलायला लागतं कारण तिथं अर्धी तरंगलांबी बरोबर टाकीच्या रुंदीएवढी होते. पॅडलची एक बाजू दोन एमएम पुढं असली तरी त्याला तेवढं निमित्त पुरतं. समोरून लाट छान दिसत असते आणि वरून बघितलं तर पाणी या काचेवरून त्या काचेवर डोलत असतं. तो स्पीड टाळा.

वीज: एसएमपीएस आणि बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर, वायर आधी खाली लोंबून मग वर जाईल अशी, आणि लाइनला आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. यात काटकसर नाही.

## ६. पलीकडचं टोक, म्हणजे किनारा

इथं प्रोजेक्ट बनतो किंवा बिघडतो.

उभी काच लाटेला जवळपास आख्खीच्या आख्खी परत पाठवते. परत आलेली लाट पॅडलवर आदळून पुन्हा पुढं जाते आणि हे चालूच राहतं, दहा-पंधरा सेकंदात टाकी भरून गोंधळ. म्हणून उतार करायचा, पाचास एक किंवा त्याहून निवांत. २५ सेंटिमीटर पाण्याला पाचास एक म्हणजे सव्वा मीटर, आणि पाण्याच्या वर अजून पाच सेंटिमीटर उतार चढवा, म्हणजे दीड मीटर. टाकीचा जवळपास चाळीस टक्के भाग किनाऱ्याला द्यायला जिवावर येतं हे मला माहितीय. द्या.

नुसता गुळगुळीत उतार पुरत नाही, विशेषतः लांब लाटांना. भोकं पाडलेल्या शीटचा उतार करा, तिच्या खाली आणि वर काथ्याचा थर. पाणी भोकातून आणि धाग्यांतून जाताना ऊर्जा उष्णतेत जाते. काथ्या घट्ट दाबून बसवला तर तो पण भिंतीसारखाच वागतो, त्यामुळं पुढच्या टोकाला विरळ आणि मागं जात दाट असा लावा, म्हणजे लाटेला कुठंच एकदम अडथळा लागत नाही. काथ्या लक्ष्मीपुरीतून आणा किंवा गादीवाल्याकडून, पण टाकायच्या आधी बादलीत भिजवून पाणी बदलत राहा, तो तपकिरी रंग सोडतो आणि मग काचेतून काही दिसत नाही. पॅडलच्या मागच्या एक फूट जागेत पण काथ्या भरा, तिथली लाट मागच्या काचेवर आपटून पॅडलला हिसके देते.

किनारा किती चांगला झालाय हे मोजता येतं. मोटर चालू करून मिनिटभर थांबा, मग पट्टी घेऊन टाकीच्या लांबीवर दर पाच सेंटिमीटरला लाटेची उंची मोजत जा. काही ठिकाणी ती जास्त येईल, काही ठिकाणी कमी, आणि जास्त ते कमी हे अंतर तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढं असेल, ०.८ सेकंदाला २३ सेंटिमीटर. समजा जास्तीत जास्त ४.६ आणि कमीत कमी ३.६ मिळालं. वजाबाकी १.०, बेरीज ८.२, भागाकार ०.१२. म्हणजे १२ टक्के लाट परत येतेय. आणि खरी येणारी लाट म्हणजे दोन्हींची सरासरी, ४.१ सेंटिमीटर. एकाच जागी पट्टी लावून उंची घेतली असती तर ३.६ लिहिली असती किंवा ४.६, आणि दोन्ही चूक.

दहा टक्क्यांच्या खाली आणलं तर कॉलेज प्रोजेक्टला उत्तम. जमलं नाही तर काथ्याचा पुढचा भाग आणखी विरळ करून बघा, त्यानंच बहुतेक वेळा फरक पडतो.

## ७. मोजमाप

मोबाइल स्टँडवर, लेन्स बरोबर पाण्याच्या पातळीला. वरून तिरकं शूट केलं की जवळच्या आणि लांबच्या काचेवरची पाण्याची रेघ वेगळी दिसते. काचेवर पट्टी चिकटवा, आणि पाणी काचेला चिकटून थोडं वर चढतं ती कड दोन्ही वेळेला, वर आणि खाली, सारखीच धरा. स्लो मोशनमध्ये दहा लाटा तरी घ्या.

वायरचा सेन्सर बनवत असाल (दोन स्टीलच्या तारा आणि त्यांच्यातला रोध) तर डीसी देऊ नका, तारांवर बुडबुडे आणि थर चढतो, एसीच द्या. रोज सकाळी स्थिर पाण्यात वरखाली करून कॅलिब्रेट करा, पाणी दुपारी तापलं की आकडे सरकतात.

पाण्यावर धूळ आणि तेलकट पापुद्रा बसला की छोट्या लाटा लवकर मरतात. मोजायच्या आधी वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर पसरून ओढून काढा. साबण चुकूनही नको. आणि ०.३५ सेकंदाच्या खाली जाऊ नका, तिथून पुढं पृष्ठताण लुडबुड करायला लागतो आणि समुद्राशी तुलना करता येत नाही.

एक प्रयोग वेळ काढून कराच. मेडिकलमधून पोटॅशियम परमँगनेट आणा, लाटा चालू असताना एकच बारीक खडा टाका. तो खाली जाताना जांभळी उभी रेघ सोडतो. त्या रेघेचं वरचं टोक जवळपास गोल फिरतं, मध्ये तो गोल चपटा होत जातो, आणि तळाला ती नुसती पुढंमागं सरकते. पाणी लाटेबरोबर वाहत जात नाही, जाग्यावर फिरतं, हे परीक्षकाला शब्दात सांगण्यापेक्षा हे दाखवा.

## ८. परीक्षक हमखास विचारतात ते

समुद्राशी संबंध काय, हा पहिला प्रश्न. उत्तर फ्राउडचं प्रमाण: लांबी ५० पट लहान केली तर वेळ ५० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे ७ पट लहान होतो. तुमची ०.८ सेकंदाची ४ सेंटिमीटर लाट म्हणजे समुद्रात २ मीटरची, ५.७ सेकंदाची. मोठ्या प्रमाणात हेच काम पुण्याजवळ खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएसमध्ये (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र) चालतं, बंदरांच्या प्रतिकृती तिथं तपासतात, ही संस्था १९१६ पासूनची आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर आधी पत्र पाठवून भेटीची परवानगी मिळते का बघा.

दुसरा प्रश्न, दोन लाटांच्या मधल्या दरीत मध्येच छोटा उंचवटा का दिसतो. लाट मोठी केली की पॅडलच्या साध्या पुढंमागं हालचालीतून दुप्पट वारंवारतेची एक वेगळी लाट सुटते, ती मुख्य लाटेपेक्षा हळू पळते म्हणून कधी दरीत दिसते, कधी शिखरावर. स्ट्रोक निम्मा करून दाखवा, उंचवटा जवळपास नाहीसा होतो.

डेमो झाल्यावर टाकी त्याच दिवशी उपसा. नळीनं सायफन लावला की २८० लिटर निवांत निघतं, मग काथ्या बाहेर काढून उन्हात वाळवा, ओला ठेवला तर आठवड्यात वास सुटतो, आणि लिनिअर रॉड पुसून ग्रीस मारून ठेवा म्हणजे पुढच्या बॅचला वापरता येतील.